दूध समुद्र कसे ओलांडते?

पहाटेच्या वेळी पनवेलजवळ पळस्पे फाट्यावर किंवा कळंबोलीच्या चौकात थोडा वेळ उभे राहिले तर दोन निरनिराळ्या जातींची वाहने पाहायला मिळतात. एक घाट उतरून येते. गोल पोटाचे, पोलादी, वर झाकणे आणि मागे तोटी. हा दुधाचा टँकर. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे या जिल्ह्यांतले दूध रात्रभर प्रवास करून मुंबईकडे निघालेले असते. दुसरे वाहन समुद्राकडून, न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून येते. त्यावर एक मोठी पांढरी पेटी असते आणि पेटीच्या तोंडाशी बसवलेले यंत्र सारखे घुमत असते. हा शीतकंटेनर, ट्रकवाले त्याला ‘रीफर’ म्हणतात. त्याच्या पोटात काय आहे हे बाहेरून कळत नाही. फळे असतील, औषधे असतील. एखाद्यात हॉलंडचे चीज किंवा फ्रान्सचे लोणीही असेल.

म्हणजे एकाच नाक्यावर दोन दिशांनी दूध येते. फरक इतकाच, की घाटावरचे दूध दुधाच्याच रूपात येते आणि समुद्रापलीकडचे दूध तसे कधीच येत नाही. असे का, हे समजले तर युरोपातील गाईचे दूध मुंबईच्या बाटलीत कसे गेले, त्यावरून आपल्याकडे वाद का झाले, एकदा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत का पोहोचले, हे सारे उलगडत जाते.

टँकरपासून सुरुवात करू. त्यात बर्फ नसतो, शीतयंत्रही नसते. दूध भरण्यापूर्वी 4 अंशांपर्यंत थंड केलेले असते आणि टाकीला दोन भिंती असून मध्ये उष्णतारोधक थर असतो. दहा हजार लिटर दुधाचे तापमान एका अंशाने वाढवायला नऊ हजारांहून अधिक किलोकॅलरी उष्णता आत शिरावी लागते. एका रात्रीत एवढी उष्णता त्या भिंतीतून जाता जात नाही. तुमच्या घरच्या तांब्यातले दूध उन्हाळ्यात दुपारपर्यंत नासते आणि टँकरमधले टिकते, याचे अर्धे कारण स्वच्छता व थंडावा हे आहे आणि अर्धे कारण आकारमान हे आहे.

पण तीन-साडेतीनशे किलोमीटरांसाठी जे परवडते ते बारा हजार किलोमीटरांसाठी परवडत नाही. हॉलंडच्या रॉटरडॅम बंदरातून सुएझमार्गे न्हावाशेव्याला येण्यास जहाजाला तीन ते चार आठवडे लागतात. गाईच्या दुधात शंभरात सुमारे 87 भाग पाणी असते. उरलेल्या 13 भागांत साधारण 4 भाग स्निग्धांश, साडेतीन भागांच्या आसपास प्रथिने, पावणेपाच भाग दुग्धशर्करा आणि थोडे क्षार. (म्हशीचे दूध अधिक घट्ट, त्यात पाणी 82-83 भाग.) निर्यातदार म्हणतो, पाण्याचे भाडे मी कशाला भरू? पाणी तर मुंबईतही आहे. म्हणून दूध जहाजावर चढण्यापूर्वी त्याचे तुकडे केले जातात. साय एकीकडे, पाणी एकीकडे, बाकीचे घन पदार्थ एकीकडे.

दुधाची भुकटी

साय वेगळी करणाऱ्या यंत्रात दूध वेगाने गरगर फिरवतात. जड भाग बाहेर फेकला जातो, हलकी साय मध्याशी राहते. उरलेल्या सायविरहित दुधातील पाणी आता काढायचे. ते साध्या कढईत आटवले तर काय होते ते बासुंदी करताना तुम्ही पाहिलेच आहे. रंग तांबूस होतो, चव बदलते. बासुंदीला ते शोभते, भुकटीला नाही. म्हणून दूध निर्वात पात्रात आटवतात. हवेचा दाब कमी झाला की द्रव कमी तापमानाला उकळतो. पनवेलहून दिसणाऱ्या माथेरानच्या डोंगरावर, आठशे मीटर उंचीवर, पाणी सुमारे 97 अंशांनाच उकळते. कारखान्यातील पात्रात हवा इतकी विरळ केलेली असते की दूध 70 अंशांना, पुढच्या पात्रात 60 ला, शेवटी 45 ला उकळू लागते. गंमत अशी की पहिल्या पात्रातून निघालेली वाफच दुसऱ्या पात्राला तापवायला वापरतात आणि दुसऱ्यातली तिसऱ्याला. त्यामुळे इंधन पुष्कळ वाचते.

अशा रीतीने निम्मे घन आणि निम्मे पाणी असा दाट द्रव तयार झाला की तो एका उंच पोलादी मनोऱ्यात माथ्यावरून फवारतात. मनोऱ्यात 180 ते 200 अंश तापमानाची हवा सोडलेली असते. एक लिटर द्रवाचे 50 मायक्रॉन व्यासाचे थेंब केले तर सुमारे दीड हजार कोटी थेंब होतील. त्या सर्वांच्या पृष्ठभागांची बेरीज 120 चौरस मीटर भरते, म्हणजे शाळेतल्या दोन वर्गखोल्यांएवढी जागा. गणित अवघड नाही. गोलाच्या घनफळाचे व पृष्ठफळाचे सूत्र घेऊन स्वतः करून पाहा. एवढ्या पृष्ठभागावरून पाणी उडून जायला काही सेकंद पुरतात.

येथे कोणीही विचारील, 200 अंशांच्या हवेत दूध जळत नाही का? जळत नाही, आणि त्याचे कारण आपल्या स्वयंपाकघरातल्या माठात आहे. माठाच्या अंगावरचे पाणी वाफ होताना उष्णता शोषून घेते आणि आतले पाणी गार राहते. थेंबाचेही तसेच. त्यात पाणी आहे तोपर्यंत तो स्वतः बाष्पीभवनाने थंड राहतो. पाणी संपत येते तोवर तो मनोऱ्याच्या तळाशी, निवलेल्या हवेत पोहोचलेला असतो. हाती येते ती पांढरी भुकटी. तिच्यात पाणी शेकडा 3 ते 4 एवढेच. सुमारे 11 लिटर सायविरहित दुधाची एक किलो भुकटी होते. कागदाचे अनेक थर आणि आत प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या 25 किलोच्या पोत्यात म्हणजे पावणेतीनशे लिटर दूध मावले. या पोत्याला रीफर लागत नाही. साध्या कोरड्या कंटेनरातून ते वर्षभर टिकेल अशा बेताने जगात कोठेही जाते.

कोरडे मात्र ठेवले पाहिजे. जुलै महिन्यात पनवेलच्या पावसात एका बशीत चमचाभर दुधाची भुकटी उघडी ठेवा आणि दुसरा चमचा घट्ट झाकणाच्या बाटलीत. दोन-तीन दिवसांत बशीतल्या भुकटीचा खडा झालेला दिसेल. फवारून झटपट सुकवल्यामुळे भुकटीतल्या दुग्धशर्करेला स्फटिक बनवायला वेळच मिळालेला नसतो. ती काचेसारख्या अवस्थेत अडकून पडते. दमट हवेतले पाणी मिळाले की ती प्रथम चिकट होते, मग स्फटिक बनते आणि कण एकमेकांना धरून बसतात. अस्तराला टाचणीएवढे भोक पडले तरी कोकणात पोते खराब होऊ शकते ते यामुळे.

आता साय. सायीचे लोणी करून गोठवून, उणे 18 अंशांच्या आसपास, पाठवता येते. त्याहून सोयीचा मार्ग म्हणजे लोण्यातलेही पाणी काढून टाकणे. लोण्यात शेकडा 16 पर्यंत पाणी असते. ते काढले की उरते जवळजवळ शुद्ध स्निग्ध द्रव्य, शेकडा 99.8. याला ‘बटर ऑइल’ म्हणतात. तुम्ही म्हणाल, हे तर तूपच! बरोबर. फरक एवढाच की आपण लोणी कढवतो, बेरी तांबूस होऊ देतो आणि त्यातून तुपाचा वास येतो. तेथे लोणी नुसते वितळवून यंत्राने पाणी फिरवून काढतात, म्हणून त्याला वास जवळजवळ नसतो. पाणी नाही म्हणून जंतूंना थारा नाही. ते पिंपात भरून फ्रिजशिवाय ठेवता येते. ही युक्ती आपल्या आजीला कोणत्याही कारखान्याच्या आधीपासून माहीत होती.

युरोपात इतके दूध आले कोठून?

युरोपीय आर्थिक समुदायाने 1968 पासून दुधाची एक समाईक व्यवस्था बसवली. बाजारात भाव पडला तर लोणी व भुकटी ठरावीक भावाने समुदाय स्वतः विकत घेई. शेतकऱ्याला दिलासा मिळाला, तसे त्याने अधिक दूध काढले. गोदामे भरली. 1980 नंतरच्या काही वर्षांत लोण्याचाच साठा दहा लाख टनांच्या वर गेला. याला ‘लोण्याचा डोंगर’ म्हणत. 1984 मध्ये प्रत्येक देशाला दुधाचा कोटा ठरवून द्यावा लागला. तो 2015 मध्ये उठला. त्याचे काय झाले ते लेखाच्या शेवटी येईल.

एवढा डोंगर करायचा काय? भाव पाडून बाहेरच्या देशांत विकायचा किंवा मदत म्हणून द्यायचा. दोन्हींत घेणाऱ्या देशाच्या शेतकऱ्याला धोका असतो. फुकटचे दूध आले की गावच्या दुधाला कोण विचारणार? नेमका हा प्रश्न 1970 मध्ये आपल्यापुढे उभा राहिला.

तोवर मुंबईला भुकटीची ओळख नव्याने करून देण्याची गरज उरली नव्हती. दारा खुरोडी या दुग्धतज्ज्ञाने 1946 मध्येच मुंबईत ‘टोन्ड’ दूध तयार केले होते. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सात टक्क्यांपर्यंत असतो. त्यात पाणी घातले तर स्निग्धांश बेताचा होतो, पण दूध पांचट होते. खुरोडींनी पाण्याबरोबर सायविरहित दुधाची भुकटीही घातली. स्निग्धांश 3 टक्के आणि बाकीचे घन पदार्थ, ज्यांना डेअरीत ‘एसएनएफ’ म्हणतात, ते साडेआठ टक्के. थोड्या म्हशींचे दूध अधिक माणसांना, तेही स्वस्तात, पोहोचू लागले. पाणी घालणारा गवळी आणि पाणी घालणारा शास्त्रज्ञ यांच्यातला फरक त्या साडेआठ टक्क्यांचा आहे! खुरोडींना 1963 मध्ये त्रिभुवनदास पटेल आणि व्हर्गिस कुरियन यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

‘ऑपरेशन फ्लड’ ही योजना 1970 मध्ये सुरू झाली. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने ती आखली, आणंदला, कुरियन यांच्या नेतृत्वाखाली. पहिल्या टप्प्यासाठी जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत युरोपीय समुदायाकडून 1,26,000 टन भुकटी आणि 42,000 टन बटर ऑइल मिळायचे होते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांच्या डेअऱ्यांत त्याचे पुन्हा दूध करायचे होते.

या दोन आकड्यांकडे नीट पाहा. त्यांचे गुणोत्तर 3 : 1 आहे. हे असेच का? शंभर किलो टोन्ड दुधाला 3 किलो स्निग्ध द्रव्य लागते आणि साडेआठ किलो इतर घन पदार्थ. भुकटीत पाणी वजा जाता 96 टक्के घन धरले तर भुकटी लागेल 8.85 किलो. 8.85 ला 3 ने भागा, उत्तर 2.95. म्हणजे जवळजवळ तीनास एक! जहाजांतून जणू सुटे केलेले टोन्ड दूधच आले, भाग मोजून. दोन्ही मिळून वजन 1,68,000 टन. त्यांचे टोन्ड दूध केले तर 14 लाख टन भरते. उरलेले सव्वाबारा लाख टन काय असेल? पाणी. मुंबईच्या वाट्याच्या ‘युरोपियन’ दुधात दर शंभर लिटरमागे 88 लिटर आपल्या तानसा-वैतरणेचे होते असे म्हणायला हरकत नाही. प्रत्यक्षात डेअऱ्या भुकटी म्हशीच्या दुधात मिसळूनही वापरीत, त्यामुळे हिशेब इतका सरळ राहत नसे, पण आकडे कसे बोलतात हे दिसावे म्हणून तो येथे मांडला.

सुटे भाग जोडणे वाटते तितके सोपे नाही. भुकटी 40-45 अंशांच्या कोमट पाण्यात विरघळवून प्रथिनांना पाणी पिऊ द्यावे लागते. मग वितळलेले बटर ऑइल घालायचे. ते तसेच तरंगणार. मूळ दुधात प्रत्येक स्निग्धगोलकाभोवती निसर्गाने एक पातळ पटल दिलेले असते, म्हणून गोलक एकमेकांत मिसळून तेल होत नाहीत. बटर ऑइल करताना ते पटल नष्ट झालेले असते. तेव्हा मिश्रण प्रचंड दाबाने अगदी बारीक फटीतून ढकलतात. गोलकांचे तुकडे होतात आणि दुधातले केसीन हे प्रथिन त्यांच्याभोवती नवे आवरण धरते. असे दूध एकजीव राहते. त्यावर जाड साय मात्र धरत नाही, कारण बारीक गोलक वर चढतच नाहीत. ‘दुधात दमच नाही, साय कुठे आहे?’ अशा तक्रारीत म्हणूनच थोडे पदार्थविज्ञानही असते.

भाव आणि वाद

योजनेतील खरी कल्पना यंत्राची नव्हती, भावाची होती. भुकटी लोकांना फुकट वाटली नाही. ती डेअऱ्यांना अशा किमतीने विकली की तिचे दूध गावच्या ताज्या दुधापेक्षा स्वस्त पडू नये. त्यातून पहिल्या टप्प्यात सुमारे 116 कोटी रुपये उभे राहिले. त्या पैशातून शीतकरण केंद्रे, टँकर, पशुखाद्याचे कारखाने, गावोगावच्या संस्था उभ्या राहिल्या. पुष्ट काळात, म्हणजे हिवाळ्यात, म्हशी भरपूर दूध देतात. उन्हाळ्याच्या कृश काळात ते आटते. त्या खड्ड्यात भुकटी भरायची आणि शहराचे गिऱ्हाईक बारा महिने टिकवून धरायचे, म्हणजे पुढच्या हिवाळ्यात शेतकऱ्याच्या दुधाला बाजार तयार.

हे सर्वांना पटले असे नाही. गोव्याचे लेखक क्लॉड अल्वारिस यांनी 1983 मध्ये ‘इलस्ट्रेटेड वीकली’मध्ये योजनेवर कडक टीका केली. देश परदेशी भुकटीवर अवलंबून राहू लागला आहे, असा त्यांचा रोख होता. त्याच सुमारास सरकारने एल. के. झा यांच्या अध्यक्षतेखाली योजनेच्या मूल्यमापनासाठी समितीही नेमली. आज मागे पाहता एवढे सांगता येते. देशाचे दूध 1970-71 मध्ये सुमारे 2.2 कोटी टन होते, 2023-24 मध्ये ते सुमारे 23.9 कोटी टन झाले. याचे सारे श्रेय एका योजनेला देणे बरोबर नाही. संकरित गाई, चारा, वाढते उत्पन्न यांचाही वाटा आहे. परंतु परकी भुकटीने देशी दूध बुडवले नाही, हे मान्य करावे लागते. टीकाकारांनी प्रश्न विचारला नसता तर ते बुडाले असते काय, हे कोणी सांगावे!

लोण्यातला किरणोत्सार

26 एप्रिल 1986 रोजी सोव्हिएत संघातील चेर्नोबिल येथे अणुभट्टीचा स्फोट झाला. किरणोत्सारी धूळ वाऱ्याबरोबर युरोपभर पसरली, पावसाबरोबर कुरणांवर उतरली, गवतातून गाईच्या पोटात गेली आणि तेथून दुधात. आयोडीन-131 चा अर्धायुकाल 8 दिवसांचा, तेव्हा तो काही महिन्यांत संपल्यासारखा झाला. सिझियम-137 चा अर्धायुकाल मात्र 30 वर्षांचा. युरोपीय समुदायाने मे 1986 मध्ये दूध व बालान्नासाठी किलोमागे 370 बेक्वेरेल आणि इतर अन्नासाठी 600 बेक्वेरेल ही सिझियमची मर्यादा घातली. एक बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचे विघटन.

ऑपरेशन फ्लडसाठी आयर्लंडचे लोणी मुंबईत आले होते. ते किरणोत्सारी असेल, ते लोकांना खाऊ घालू नये, अशी मागणी घेऊन मुंबईतील काही नागरिक उच्च न्यायालयात व पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. किरणोत्साराची कोणतीही मात्रा, कितीही लहान असली तरी, पूर्ण निर्धोक म्हणता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने तीन तज्ज्ञांची समिती नेमली. अणुऊर्जा नियामक मंडळाने ऑगस्ट 1987 मध्ये ठरवलेल्या मर्यादेच्या आतले दुग्धपदार्थ खाण्यास सुरक्षित आहेत, असे समितीने सांगितले आणि 1988 मध्ये अर्जदारांची मागणी फेटाळली गेली.

न्यायालयाचे काम तेथे संपले. आपण मात्र थोडे पुढे जाऊ. दूध सुटे केल्यावर सिझियम कोणत्या भागात जाते? सिझियम हे पोटॅशियमचे भावंड, आवर्तसारणीत त्याच स्तंभात बसणारे. त्याचे क्षार पाण्यात विरघळतात, तुपात नाही. त्यामुळे साय काढली की जवळजवळ सर्व सिझियम सायविरहित दुधात राहते. लोण्यात, त्यातल्या थोड्याशा पाण्याबरोबर, शेकडा चार-पाच भागांहूनही कमी जाते आणि बटर ऑइलमध्ये नावालाच. उलट भुकटी करताना पाणी उडते पण सिझियम उडत नाही. दुधात जेवढे होते त्याच्या सुमारे अकरापट ते प्रत्येक किलो भुकटीत साठते. (पुन्हा पाणी घातले की अर्थात तेवढेच विरळ होते.) नाव लोण्याचे झाले, ज्याच्याकडे आधी पाहायला हवे होते ती भुकटी. चीज करताना निथळणाऱ्या निवळीचीही तीच गत. 1987 मध्ये पश्चिम जर्मनीत अशा निवळीची सुमारे 5,000 टन किरणोत्सारी भुकटी रेल्वेच्या वाघिणींत भरून पडली होती. पुढे तिच्यातले सिझियम आयन-विनिमयाच्या पद्धतीने काढावे लागले.

तपासणी कशी करतात? सिझियम-137 पासून 662 हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे गॅमा किरण निघतात. ही त्याची खूण. नमुना शिशाच्या जाड पेटीत ठेवून गॅमा-वर्णपटमापकाने त्या ऊर्जेचे किरण मोजतात. शिसे कशासाठी? कारण किरणोत्सार आपल्या आसपास सगळीकडे आहे. कोणत्याही दुधात, गोठ्यातून नुकत्याच आणलेल्याही, पोटॅशियम-40 मुळे लिटरला सुमारे 45 बेक्वेरेल असतातच. तुमच्या-आमच्या शरीरात मिळून चारेक हजार. ‘किरणोत्सार आहे का?’ हा प्रश्न म्हणून अपुरा आहे. कशाचा आणि किती, असे विचारावे लागते. मुंबईच्या त्या नागरिकांनी प्रश्न विचारला म्हणून हे आकडे समितीपुढे आणि लोकांपुढे आले, ही गोष्टही लहान नाही.

पुन्हा पनवेल

न्हावाशेव्याचे बंदर 26 मे 1989 रोजी सुरू झाले. त्याआधीची भुकटी मुंबईच्या गोदीत उतरत असे. आता युरोपातून मदतीची भुकटी येत नाही, व्यापारी माल येतो. चीज, लोणी, आणि निवळीतून काढलेली प्रथिने व दुग्धशर्करा. दुग्धशर्करा औषधांच्या गोळ्या बांधायला लागते. चीज जिवंत असते. त्यातले जीवाणू व विकरे काम करतच राहतात. ती मंदावावीत म्हणून रीफरचे यंत्र कारखान्यापासून वितरकाच्या शीतगृहापर्यंत चालू ठेवावे लागते. मध्येच ते बंद पडले तर नुकसान कोणाचे, यावर निर्यातदार आणि आयातदार भांडू नयेत म्हणून पेटीतच तापमान नोंदणारे यंत्र ठेवतात. 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा बरीच जहाजे आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली. प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. भुकटीला त्याचे काही वाटत नाही. मऊ चीजच्या आयुष्यातले तेवढे दिवस मात्र समुद्रावरच जातात.

बंदरावर अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणामार्फत नमुने तपासले जातात. ज्या गाईंना इतर जनावरांचे मांस-रक्त मिसळलेले खाद्य घातले गेले त्यांचे दुग्धपदार्थ आपला देश घेत नाही. तसा दाखला निर्यातदार देशाला द्यावा लागतो. शिवाय जकात. सायविरहित भुकटीवर ती 60 टक्के आहे. जून 2024 मध्ये 10,000 टनांपर्यंतची भुकटी 15 टक्क्यांनी आणू देण्याचे ठरले तेवढीही बातमी दूध संघांना बोचली.

ती का बोचावी? भुकटीचे पोते आपल्या बंदरात न उतरताही घाटावरच्या दुधाचा भाव पाडू शकते म्हणून. ऑगस्ट 2014 मध्ये रशियाने युरोपच्या दुग्धपदार्थांना बंदी केली. पुढच्या वसंतात युरोपचा दुधाचा कोटा उठला. दूध वाढले, गिऱ्हाईक घटले, आणि 2017 च्या अखेरीस युरोपच्या सरकारी गोदामांत सुमारे 3,80,000 टन भुकटी साचली. जगात भुकटीचा भाव कोसळला. महाराष्ट्रातील डेअऱ्या जास्तीच्या दुधाची भुकटी करून काही परदेशी विकत. तो रस्ता बंद झाला. माल पडून राहिला तसे त्यांनी गाईच्या दुधाचा खरेदीभाव उतरवला. काही ठिकाणी तो लिटरला वीस रुपयांच्याही खाली गेला. 16 जुलै 2018 पासून शेतकऱ्यांनी मुंबईला जाणारे दूध रोखले. टँकर पोलीस बंदोबस्तात चालले, कोठे रस्त्यावर दूध ओतले गेले. चार-पाच दिवसांनी सरकारने तोडगा काढला. 21 जुलैपासून शेतकऱ्याला लिटरमागे 25 रुपये आणि त्यासाठी संघांना 5 रुपये अनुदान.

आता वहीत एक शेवटचे गणित करा. एका किलो भुकटीला 11 लिटर दूध लागते. लिटरमागचे 5 रुपये म्हणजे किलोमागे 55 रुपये. हॉलंडच्या एखाद्या गोदामातल्या भुकटीचा भाव तेवढ्याने उतरला, की पळस्प्याच्या फाट्यावरून जाणाऱ्या दहा हजार लिटरच्या टँकरमागे, तो ज्यांच्या गोठ्यांतून भरला त्यांचे, पन्नास हजार रुपये कमी होतात.